एक्केचाळीस चिठ्ठ्या

मी दोनच इयत्ता शिकल्याली. त्याबी माहेरात, खानापुराकडं, माझ्या बाचा हट्ट म्हनून. तेवढ्या शिकन्यावर मी पुस्तकांचं काम केलंय म्हटलं तर आता कुनाला खरं वाटत न्हाई.

आमचं घर कॅसलरॉकच्या खाली कोसभर, रानात. लग्नाला चार वर्सं झाली आनि मालक जंगलतोडीच्या कामावर सागवानाच्या ओंडक्याखाली घावले. उजवा पाय मांडीपासनं चेंगरला. तवापासनं बाजल्यावर. घरात सासू, मी आनि हे. भाताचं एक खाचर, त्येचं शिमग्यापतूर बी पुरायचं न्हाई. मग रानातलं कंद उकडून खायाचो.

टेशनाजवळ एक म्हातारे मास्तर एकटेच ऱ्हात हुते. जाड पुस्तकाच्या शेवटाला यादी असती, कुठला शब्द कुठल्या पानावर हाय ते सांगनारी. त्येला सूची म्हनत्यात. ती करायचं तेंचं काम. बेळगावात अशा सूची करनाऱ्यांची मंडळी हुती, सातआठ शिकल्याली मानसं. पुस्तकाची पानं रेल्वेनं मास्तरांकडं यायची, सूची रेल्वेनंच परत जायाची. मंडळीचा नेम कडक. सूची छापायच्या आधी दुसऱ्या मानसानं एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचलीच पायजे. आनि जेच्या सूचीत मोठी चूक घावंल, तेचं नाव मंडळीतनं कमी.

मास्तरांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरल्याला. भिंग धरून पानं वाचायचे, एका शब्दाला एक चिठ्ठी लिवायचे. पन तेवढ्या चिठ्ठ्या परत वाचायच्या म्हटलं की डोळ्यातनं पानी. मी तेंच्या दारात लाकडाची मोळी टाकाय गेल्याली, तवा तेंनी इचारलं, "बाई, तुला क ख ग येतं का?"

"येतंय."

"क्ष कुठं येतो?"

"पार शेवटाला."

"मग उद्यापासून ये."

आठवड्याला तांदूळ द्यायचे, मालकांच्या पायाला औषध द्यायचे. मी चिठ्ठ्या अक्षरानं लावायची, एकेक वाचायची, मास्तर वहीत उतरून घ्यायचे. दोन वर्सं आमचं घर त्या चिठ्ठ्यांवर चाललं.

मग एक पुस्तक आलं, आमच्याकडच्या डोंगरातल्या एका देवाचं. त्या देवाचं जे नाव, तेच माझ्या मालकांचं.

आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्येचं आयुक्ष कमी हुतंय. लग्नात उखान्यात एकदा घेतलं तेवढंच. देवळात सुदीक मी "डोंगरावरला बाबा" म्हनूनच हात जोडायची. आनि इथं मानूस बाजल्यावर पडल्याला, जखम वाळंना. कसं घ्यावं मी नाव?

त्या नावाच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या हुत्या. एकाच नावाच्या, पानं येगयेगळी. त्यो गठ्ठा हातात आला तशी मी त्येच्या म्होरल्या शब्दाची चिठ्ठी वाचली आनि त्यो गठ्ठा वटीत सरकवला. मास्तरांना ताप हुता, ते लिवत गेले. सांगावं म्हटलं, तर कुठलं नाव ते तोंडानंच सांगाय पायजे. आनि मला काय ठावं, एवढ्या चिठ्ठ्यांतनं एका नावाचं काय अडतंय. गठ्ठा घरी आनला. देवाचं नाव, मालकांचं बी, चुलीत घालवंना. देवाच्या फळीवर ठेवला.

भात कापून झाल्यावर एक दिवस मास्तर आमच्या दारात. कवा आमच्याकडं न आल्याला मानूस. संगं बेळगावचे दोघं, एक काळ्या टोपीचे, एक रुमालाचे. मास्तरांचं त्वांड असं झाल्यालं की मला वाटलं कुनी गेलं तेंच्यातलं.

टोपीवाल्यांनी छापल्यालं पुस्तक उघडून म्होरं धरलं. "ज्या देवाचं पुस्तक, तोच देव सूचीत नाही. लेखकानं आमच्या तोंडावर फेकलं हे. मंडळीतल्या एकालाही विश्वास बसेना."

"मी लिहीत गेलो," मास्तर म्हनले. "कान दिला, डोकं दिलं नाही. आता माझं नाव कमी होणार, बाई. मग तुझंही काम गेलं. चिठ्ठ्या होत्या, मी स्वतः लिहिल्या होत्या. काय झालं त्यांचं?"

सूचीत एक ओळ न्हाई म्हनून म्हातारा मानूस असा उभा ऱ्हाईल, हे मला सपनात बी आलं न्हवतं. आत गेले, गठ्ठा आनून तेंच्या म्होरं ठेवला.

रुमालवाले गठ्ठा चाळत बसले. "सगळ्या आहेत. मग वाचल्या का नाहीस?"

तेंनी वरल्या चिठ्ठीवरलं नाव मोठ्यानं वाचलं. सासूला कळलं. ती म्हनली, "कशी वाचंल? माझ्या ल्येकाचं नाव हाय ते."

बाजल्यावरनं मालकांनी आपलं नाव सांगितलं.

टोपीवाल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मास्तर मालकांकडं बघतच ऱ्हायले. दोन वर्सं तेंनी औषध धाडलं, पन नाव कवा इचारलं न्हवतं.

रुमालवाले म्हनले, "पुरवणी छापून पुस्तकात चिकटवता येईल. मास्तरांचं नाव राहील. पण नेम तो नेम. आमच्यासमोर वाचून दाखव."

"तुम्हीच वाचा की, सायेब," मी म्हटलं.

"आम्ही तपासणारे. वाचणारी तू."

सासू मधी आली. "तांदळापायी माझा ल्योक मारतीस व्हय गं?"

"आये, गप," मालक म्हनले. "खंडीभर लाकूड अंगावर पडलं तवा मेलो न्हाई, हिच्या तोंडानं मरतोय व्हय? वाच गं. उखाना समज आनि वाच."

मी पयली चिठ्ठी घेतली. "पान सतरा."

"आधी नाव," टोपीवाले म्हनले.

मी चिठ्ठी खाली ठेवली, परत उचलली. मालकांनी सोता आपलं नाव म्हटलं, शाळेत मास्तर सांगतोय तसं. मग मी म्हटलं. सासू कानावर हात ठिवून भाईर गेली. नाव, पान सतरा. नाव, पान एकोनीस. रुमालवाले पेन्सलीनं खुना करत हुते. धा-बारा चिठ्ठ्यांच्या म्होरं ते नाव माझ्या मालकांचं वाटंना, दुसऱ्याच कुनाचं वाटाय लागलं, त्येनं जास्त भ्या वाटलं. मधी मी तेंच्याकडं बघितलं. ते हसत हुते. शेवटली चिठ्ठी झाल्यावर पानी मागितलं आनि म्हनले, "बघ, हाय न्हवं अजून?"

मास्तरांचं नाव मंडळीत ऱ्हायलं. माझं काम बी ऱ्हायलं.

आठ म्हयन्यांनी मालक गेले. जखम चिघळली, इख वर चढलं. टेशनावरला डाक्टर म्हनला, पायानं गेले. सासू म्हनली, तुझ्या तोंडानं. त्या दोघांतलं खरं कुनाचं, ह्ये मी किती वर्सं डोक्यात फिरवलं, मला न्हाई कळलं. सासू त्येच्या म्होरं अकरा वर्सं जगली. माझ्या हातचं खाल्लं, पन माझ्यासंगं बोलली न्हाई.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडं गेले. नवं पुस्तक आल्यालं, चिठ्ठ्या लावाय बसले. मास्तरांनी पुरवणीचा छापल्याला कागद माझ्या म्होरं ठेवला. एक नाव आनि त्येच्या म्होरं एक्केचाळीस आकडं. त्यो कागद अजून माझ्याजवळ हाय. आता ते नाव घ्यायला कुनाची आडकाठी न्हाई, ज्येचं आयुक्ष कमी व्हायचं त्योच न्हाई. तरी मी घेतलं न्हाई. देवळात आजबी "डोंगरावरला बाबा"च म्हनती.