जपानी येळवणी

तो व्हिडिओ मला माझ्याच ग्रुपमधल्या एका काकूंनी पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, हे सर बघा, अगदी तुमच्यासारखंच करतात!" आणि पुढं दोन हसरे चेहरे.

मी पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोन डब्याला टेकवून व्हिडिओ लावला. पांढरा कोट घातलेला, पस्तिशीतला, गोड आवाजाचा एक माणूस. त्याच्या मागं जपानी स्वयंपाकाच्या स्पर्धेचा एक भाग चालू होता. त्या भागाला मराठी अक्षरं, म्हणजे सबटायटल्स, लावायला मला अकरा दिवस लागले होते. त्यानं माझी अक्षरं खालून कापून टाकली होती आणि तीच वाक्यं तो स्वतःच्या आवाजात म्हणत होता.

"आता हे शेफ सुकवलेल्या माशाची आणि समुद्री शेवाळाची येळवणी काढतायत," तो म्हणाला.

येळवणी! पुरणाची डाळ शिजल्यावर वरचं पाणी आपण कटाच्या आमटीसाठी काढून ठेवतो, ती येळवणी. जपान्यांच्या त्या नितळ पाण्याला मराठीत शब्द नाही. मी 'अर्क' लिहून पाहिलं, 'सार' लिहून पाहिलं, दोन दिवस डोकं खाजवलं, आणि शेवटी माझ्या वडिलांनी बघताबघता म्हटलं, "ही तर येळवणीच की." तेच मी लिहिलं. जगात दुसरं कुणीही त्या पाण्याला येळवणी म्हणणार नाही. या माणसाला जपानीचं एक अक्षर येत नव्हतं, हे मला तिथंच कळलं.

तरी मी गप्प बसले असते कदाचित. पण पुढं त्यानं आवाज खाली आणला.

"मित्रांनो, हा कार्यक्रम माझ्यासाठी खास का आहे, सांगू? माझे वडील फर्दापूरला, अजिंठ्याच्या पायथ्याशी, एका हॉटेलात आचारी होते. जपानी पाहुण्यांसाठी रांधायचे. एका पाहुण्यानं त्यांना या कार्यक्रमाच्या सीडींचा खोका दिला होता. भाषा कळत नसतानाही बाबा त्या बघत बसायचे. आज ते नाहीत. पण..."

आणि त्यानं डोळे पुसले. कोरडे डोळे पुसले.

फर्दापूरचे आचारी माझे वडील आहेत. सीडींचा खोका आमच्या कपाटात आहे. ही सगळी हकिगत मी ग्रुप सुरू केला त्या दिवशी पहिल्या निरोपात लिहिली होती, शब्दन् शब्द. आणि माझे वडील, ज्यांना या माणसानं तीन मिनिटांत मारून टाकलं, ते त्या वेळी आतल्या खोलीत पंख्याखाली घोरत होते.

आमचं घराणं कन्नड तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. माझे वडील, अण्णा, तरणेपणी कळप सोडून फर्दापूरला हॉटेलात भांडी घासायला लागले आणि घासताघासता आचारी झाले. थंडीत जपानी मंडळींच्या बसा यायच्या. लेणी बघायला आलेले ते लोक आमच्या तिखटानं लालेलाल व्हायचे, पोटं धरून झोपायचे. अण्णा त्यांना मऊ, चिकट भात करून द्यायचे, बिनतिखटाचं वरण द्यायचे. दर वर्षी येणाऱ्या एका टूरवाल्या म्हाताऱ्या जपान्यानं खूश होऊन त्यांना तो खोका दिला. त्या स्पर्धेत तीन आचारी एकाच जिनसाचे पदार्थ करतात, आणि हरलेल्यांना जिंकलेल्याचं ताट चाखून, त्यातून काय शिकलो ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं. अण्णा नुसत्या चेहऱ्यांवरून ओळखायचे कोण जिंकलं ते. "आता त्यानं मीठ टाकलं का साखर, देव जाणे," असं म्हणत बघायचे.

मी जपानी शिकले ती गाईड व्हायला. पाच-सहा वर्षं लेणी दाखवली. मग लॉकडाऊनमध्ये पाहुणे थांबले आणि मी घरी बसले. म्हटलं, अण्णांना एक भाग तरी समजून बघू द्यावा. एकाचे दोन झाले, दोनाचे चाळीस. मग ओळखीच्या बायांना पाठवायला लागले, त्यांचा ग्रुप झाला. कुणाची परवानगी काढली नव्हती, हे खरं. मला ते चोरीसारखं वाटलं नव्हतं. प्रसाद वाटल्यासारखं वाटायचं.

मी त्या माणसाला तीन निरोप पाठवले. उत्तर नाही. ग्रुपवर लिहिलं की हे माझं काम आहे आणि ही माझ्या वडिलांची गोष्ट आहे. मला वाटलं होतं, बाया पेटून उठतील. ज्यांनी तीन वर्षं 'ताई, पुढचा भाग कधी?' म्हणून माझा पिच्छा पुरवला, त्या एखादा तरी शब्द बोलतील.

एक काकू म्हणाल्या, "जाऊ द्या हो ताई, ज्ञान वाटल्यानं वाढतं."

दुसरी म्हणाली, "खरं सांगू का, त्यांचं बरं पडतं. वाचत बसावं लागत नाही. पोळ्या करता करता ऐकता येतं."

मला त्या माणसापेक्षा या बाईचा जास्त राग आला. अजून येतो. चोर तर चोरच असतो, त्याच्याकडून काही अपेक्षा नसते. पण या बाईनं मला एकदा फोन करून विचारलं होतं, की जपानी लोक जेवायच्या आधी हात जोडून काय म्हणतात. मी तिला पाऊण तास समजावलं होतं.

अण्णांना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण कितीही झालं तरी त्यांच्याच जिवावर उठलेली गोष्ट. चौथ्या दिवशी चहा पिताना दाखवला व्हिडिओ. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितला. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "ह्याचा बापबी फर्दापूरलाच व्हता व्हय? कोणत्या हाटेलात? मला कसा ठाऊक नाय?"

मी व्हिडिओ थांबवला.

"लाव पुन्हा," ते म्हणाले. दुसऱ्यांदा बघताना सीडींच्या खोक्यापाशी ते थांबले. "हे तर माझं हाय," ते म्हणाले. मग चष्मा काढून, "आन् मी मेलो कधी?"

त्याचे स्वयंपाकाचे क्लास आमच्याच शहरात, सिडकोत, एका दुकानाच्या वर चालायचे, रविवारी दुपारी. मी अण्णांना स्कूटीवर मागं बसवलं. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, टोपी घातली होती, लग्नाला निघाल्यासारखे. रस्ताभर मी मनात भाषण जुळवत होते. कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर, कुठं आवाज चढवायचा.

वर वीस-बावीस बाया खुर्च्यांवर वह्या घेऊन बसल्या होत्या. समोर ओटा, त्यावर भाताचं पातेलं. तो कोटवाला हसत आमच्याकडं वळला, "या, या, बसा काका." त्यानं पुन्हा तीच गोष्ट सुरू केली. फर्दापूर, वडील, सीडी. बाया माना हलवत होत्या. मी उठणार, तेवढ्यात अण्णाच उठले.

"सर, एक इचारू का? तुमचे वडील आता कुठं असतात?"

त्यानं हात छातीवर ठेवला. "ते आता नाहीत, काका."

"हायेत की," अण्णा म्हणाले. "हे काय, इथं हुभे हायेत. फर्दापूरचा आचारी मीच. मीच तुमचा बाप."

बाया हसल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं विनोद केला. त्याचा चेहरा मात्र चुन्यासारखा पांढरा पडला. मग माझा तोल गेला. जुळवलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. अक्षरं माझी, येळवणी माझी, बाप माझा, तोही जिवंत, असं काहीबाही मी ओरडले. रागात मी हिंदीवर घसरते, तशी घसरले. "शरम नाही आती?" दोनदा म्हणाले. एकीनं वही मिटली. एकीनं फोन वर धरून शूटिंग सुरू केलं.

त्यानं मला मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. तिथं त्याचा आवाज बदलला. गोडवा गेला, पण चिडलाही नाही. दुकानदार बोलतो तसा बोलला.

"मॅडम, लोकांना गोष्ट लागते. नुसती रेसिपी कुणी बघत नाही."

"मग तुमच्या बापाची सांगा."

"माझे वडील बँकेत होते. त्यात काय गोष्ट आहे?" तो खांदे उडवत म्हणाला. "आणि तुम्ही एवढं बोलताय, कार्यक्रम तर जपानचा आहे. तुम्ही तरी कुणाला विचारून वाटलात?"

तो चुकीचा होता आणि तरी त्याचं ते एक वाक्य बरोबर होतं, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. मी म्हटलं, "मी कधी म्हटलं नाही की तो जपानी आचारी माझा काका आहे." तो हसला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हात उचललाही असता, पण बाहेरून अण्णांचा आवाज आला.

बाहेर येऊन बघते तर अण्णा ओट्यामागं उभे. पातेल्याचं झाकण काढून त्यांनी दोन शितं बोटात दाबली होती.

"कच्चा हाय आतून," ते बायांना सांगत होते. "आन् लई चोळून धुतला का तांदूळ मोडतो. हळू धुवायचा, लेकराचं डोकं धुतो तसा. शिजल्यावर लगीच उघडायचं नाय. वाफंवर बसू द्यायचा."

बाया लिहून घेत होत्या. खरोखर लिहून घेत होत्या. एकीनं विचारलं, "काका, आपला कोलम चालेल का?" अण्णांनी तिला कोलम का चालणार नाही ते नीट समजावलं. मला त्यांचा दंड धरून ओढून न्यावंसं वाटलं. आपण भांडायला आलो होतो!

तो कोटवाला माझ्या शेजारी उभा राहून बघत होता. त्याच्या डोळ्यांत हिशेब चाललेला मला स्पष्ट दिसला. "काका," तो म्हणाला, आवाज पुन्हा मधात बुडवून, "एका रविवारी याल का? खास पाहुणे म्हणून?"

"येईन की," अण्णा म्हणाले.

परतताना मी स्कूटीवर ओरडत होते. सिग्नलला शेजारचे लोक बघत होते. "त्यानं तुम्हाला मारलं, अण्णा! जिवंतपणी! आणि तुम्ही त्याला भात शिकवता?"

अण्णा घराच्या वळणावर म्हणाले, "आख्खी जिंदगी रांधलं, बाई. भात असा का करता म्हून कुणी इचारलं नाय. आज त्या बायांनी इचारलं."

"आणि मी? तीन वर्षं कुणासाठी अक्षरं लावत बसले?"

"तू लई केलं माझ्यासाठी. पण तू त्या जपान्याचं सांगायची. माझं कुठं इचारलं?"

मी स्कूटी लावली आणि सरळ आत गेले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढायचे, ताट आपटायचे. ते निमूट जेवायचे. रागावलेल्या माणसासमोर कसं जेवावं, हे हॉटेलातल्या नोकरीनं त्यांना चांगलं शिकवलं होतं.

मी नेणार नाही म्हटल्यावर ते रिक्षानं गेले त्या रविवारी. शाल आणि नारळ घेऊन आले. "त्यानं काय म्हणून ओळख करून दिली तुमची?" मी विचारलं.

"म्हणला, माझ्या वडिलांसारखे."

मी हसले की रडले, मला आठवत नाही. शाल चांगली आहे, अण्णा ती थंडीत पांघरतात. मी तिला हात लावत नाही. धुवायचीसुद्धा त्यांची त्यांनीच.

व्हिडिओतला वडिलांचा तुकडा त्यानं काढून टाकला. माफी मागितली नाही, माझं नाव कुठं घातलं नाही. बाकी सगळं तसंच आहे, येळवणीसकट. मी ग्रुपवर एक लांब निरोप लिहिला. त्यात झालेलं सगळं लिहिलं, आणि मीही कुणाला न विचारता वाटत होते, हेही लिहिलं. पुढचे भाग पाठवणार नाही म्हणाले. बऱ्याच जणी न बोलता निघून गेल्या. पोळ्यावाली बाई राहिली आहे. ती का राहिली, कळत नाही.

आता आम्ही दोघंच बघतो, संध्याकाळी चहाच्या वेळी. अक्षरं मी लावत नाही, तोंडानंच सांगते. मधूनमधून थांबवते आणि विचारते, "अण्णा, तुम्ही काय केलं असतं इथं?" ते सांगतात, मी वहीत लिहिते. पहिल्यांदा विचारताना मला लाज वाटली होती. अजून थोडी वाटते.

परवा दुपारी शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो आवाज आला. गोड, सावकाश. शेजारीण भांडी लावताना ऐकत होती. "आता हे शेफ..." मी उठले आणि आमची खिडकी लावून घेतली. एप्रिलचं ऊन होतं, आत भट्टी झाली. अण्णा म्हणाले, "अगं, उकडतंय." मी म्हटलं, "उकडू द्या."