भट्टीच्या पाठीशी कट्टा

स्टुटगार्टजवळच्या एका गावात, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी, खाली दुकाने आणि वर घरे अशी वसाहत मी आखत होते. जागेच्या मधोमध गावाचे जुने भट्टीघर होते. शनिवारी बायका आपापली कणीक घेऊन तिथे येत आणि एकाच भट्टीत सगळ्यांचे पाव भाजत. त्यांची संमती असेल तरच नगरपालिका आराखडा मंजूर करणार होती, आणि ती काही मिळत नव्हती.

संध्याकाळी उतारावरून येणाऱ्या गार वाऱ्याला मी इमारतींमधून वाट ठेवली होती. धुराचा कल पाहून खिडक्या वळवल्या होत्या. भट्टीघराच्या दगडी भिंतींच्या जागी मात्र सगळीकडे काच योजली होती. जाणाऱ्या-येणाऱ्यांना पाव फुगताना दिसावा, ही माझी हौस.

"छान आहे," प्रतिकृती पाहून भट्टीवर येणाऱ्या बायकांतल्या सर्वांत वयस्क बाई म्हणाल्या. "आत आम्ही मासे, बाहेर गिऱ्हाइके."

पुढच्या शनिवारी, पुण्याहून आलेल्या सासूबाईंना मी तिथे नेले. द्राक्षवेलींच्या वाळल्या काटक्या तडतडत होत्या. आंबवलेल्या पिठाच्या वासात धूर मिसळला होता. भट्टी फार तापलेली असताना आधी कांद्याचा केक आत जातो.

"कांद्याचा केक?"

"अहो आई, चाखून तर बघा."

त्यांनी दुसरा तुकडा स्वतःच मागून घेतला आणि एका पालथ्या खोक्यावर बसल्या. बाकीच्या जणी बाहेर, भट्टीमागच्या भिंतीला पाठ टेकून, उभ्यानेच गप्पा मारत होत्या.

"अगं, पाव होईपर्यंत या बसणार कुठे? तुझ्या चित्रात सगळं आहे, बूड टेकायला जागा नाही."

मी भिंतीला तळवा लावला. दगड उबदार होता. नेमकी तीच भिंत मी पाडायला निघाले होते.

काच गेली, भिंत राहिली, आणि तिच्या पाठीला लागून लांबच लांब कट्टा आला. नवी प्रतिकृती मी भट्टीघरातच मांडली. त्या वयस्क बाईंनी कट्ट्यावरून पिठाळलेले बोट फिरवले.

"तोंड उन्हाकडे?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि पाठीला भट्टी."

"मग कोपरा माझा."

दुसरा कोपरा लगेच दोघींनी मागितला. जागांवरून अशी काही जुंपली की संमती देऊन झाल्याचे कुणी वेगळे सांगितलेच नाही. प्रतिकृतीवरची पिठाची रेघ न पुसताच मी ती नगरपालिकेत नेली.

"मधली जागा धरून ठेवायला सांग," सासूबाई परतीची बॅग भरताना म्हणाल्या. "पुढच्या खेपेला मी पुरणपोळ्या भाजणार आहे."