आमच्या ह्यांची आजवरची हिट गाणी

नव्या नवरीला घरात कुणी फारसं काही विचारत नाही, पण तिच्यासमोर बोलताना कुणी आवाजही कमी करत नाही. त्यामुळे बोरीला सासरी आल्यापासून कांद्याची पात कापता कापता माझ्याकडे बरेच किस्से साठले. त्यात नवरा रॉक गायक! इथला किस्सा सांगून संपेपर्यंत शेजारच्या लोणी गावात दुसरा घडलेला असतो.

*

सुरुवात बघायच्या कार्यक्रमापासूनच झाली. माझ्या काकांनी विचारलं, मुलगा काय करतो? हे म्हणाले, "शेती. आणि रॉक."

काकांनी कान पुढे केला. मग म्हणाले, "रॉकेल आता मिळतं तरी कुठं?"

हे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. गाडीतून गिटार आणली आणि डोळे मिटून एक अख्खं गाणं म्हटलं. आत मी पोह्यांची बशी हातात घेऊन उभी, पोहे गार. गाणं संपल्यावर काका म्हणाले, "धंदा काय कळला नाही, पण माणूस जीव तोडून करतो."

मी तर बशी ठेवायच्या आधीच होकार देऊन टाकला होता. मनात.

*

सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. आत्यांची लग्नाआधीच अट होती: संसार सुरू झाला की बँड बंद, गिटार माळ्यावर. गिटारला त्या 'लाकूड' म्हणतात.

ह्यांनी मान्य केलं. फक्त एक मागितलं. आजवरची सगळी हिट गाणी एकत्र करून एक अल्बम करायचा, गावोगाव ऐकवायचा आणि मग थांबायचं. आत्या हो म्हणाल्या. तेव्हापासून घरात गाण्याचा विषय निघाला की हे जरा जास्तच हसतात. ते उसनं हसू मला ओळखता येतं.

*

अल्बमची गाणी निवडायला बँड आमच्या ओट्यावर बसला. बँड म्हणजे हे, टोमॅटोची पिकअप चालवणारा ड्रमर सागर आणि बेस वाजवून रेकॉर्डिंगही सांभाळणारा सिद्धार्थ. वादावादी झाली, दोनदा चहा झाला आणि शेवटी नऊ गाणी ठरली.

मी कप उचलताना विचारलं, एकूण गाणी किती आहेत?

"अकरा," सागर म्हणाला.

"मग उरलेली दोन?"

"ती फ्लॉप गेली, वैनी," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की मी सांत्वन करायच्या बेतात होते.

*

त्या नऊतलं सगळ्यात गाजलेलं गाणं जळालेल्या डीपीवर आहे. शेतपंपांना वीज देणारी डीपी जळते, पिकं माना टाकतात, गिटार पेटून उठते. एका लग्नात हे गाणं चालू असताना समोर वायरमनच जेवत होता. आता भांडण होणार म्हणून सगळे टपून बसले. तो हात धुऊन शांतपणे स्टेजजवळ आला.

"गाणं लई भारी हाय, भाऊ. पण डीपी आता चालू झालीया. तेवढं एक कडवं वाढवा."

ह्यांनी प्रामाणिकपणे कडवं वाढवलं. दोन आठवड्यांत डीपी पुन्हा जळाली. कडवं काढून टाकलं!

*

रेकॉर्डिंग आमच्या रिकाम्या कांदाचाळीत झालं. चाळीला हवा खेळायला फटी असतात, म्हणून आत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या. ह्यांच्या एका गाण्यात शेवटी लांबलचक आरोळी आहे. ती ऐकून कॉलेजची पोरं वेडी होतात, माझ्याही अंगावर काटा येतो. ह्यांनी आरोळी दिली आणि बाहेर गलका झाला. बांधावर चरणारी मामांची मेंढरं गोधड्यांखालून माना घालून आत आली होती!

मागून धापा टाकत मामा आले. "माज्या हाकंला येत न्हाईत, आन् ह्याच्या गाण्याला पळत्यात?"

"हाक तुमचीच आहे, दादा," हे वडलांना म्हणाले. "लहानपणी तुमच्यामागं हिंडताना शिकलो."

मामा काठीनं एकेक मेंढरू बाहेर काढत राहिले. एक मात्र राहून गेलं, ते अल्बममध्ये ऐकू येतं. सिद्धार्थ त्याला कोरस म्हणतो.

*

एक गाणं लोणीच्या जत्रेत लाईव्ह रेकॉर्ड केलं. स्टेज म्हणजे फळ्या उघडलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. पोरं ह्यांच्या नावानं ओरडत होती. एवढी माणसं ते नाव घेत होती आणि मी एकटी तोंड मिटून. उखाण्याबाहेर मी ते कधी घेतलेलं नाही.

शेवटच्या ओळीआधी सगळी वाद्यं थांबतात. नेमकं तेव्हाच हे डोळे मिटून मागं मागं सरकायला लागले. ट्रॉली संपत आली. माझ्या तोंडून निघालं, "अहो!"

हे थबकले, डोळे उघडले आणि शेवटची ओळ अशी काही गायले, की सिद्धार्थनं तेच रेकॉर्डिंग ठेवलं. माझ्यासकट.

अल्बम घरात पहिल्यांदा लागला तेव्हा आत्या म्हणाल्या, "ही कोण वरडतीया?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तव्यावरच्या भाकरीकडे पाहिलं.

*

अल्बमचा शेवटचा कार्यक्रम पिंपरी पेंढारला झाला, पुन्हा ट्रॉलीवरच. गिटारला माळ्यावर उंदीर लागू नयेत म्हणून आत्यांनी जुन्या लुगड्याची पिशवी शिवून ठेवली होती. त्या पहिल्यांदाच ऐकायला आल्या, बायकांत माझ्याशेजारी बसल्या. मामा पुढं, पुरुषांत.

शेवटी लोणीचं गाणं आलं. वाद्यं थांबली. हे डोळे मिटून उभे राहिले, आणि अल्बम मोबाईलवर ऐकून ऐकून पाठ झालेलं सगळं गाव एका सुरात ओरडलं, "अहो!"

ह्यांनी डोळे उघडलेच नाहीत; ती ओळ झाली की गिटार पिशवीत जाणार होती. गर्दी पुन्हा, "अहो!"

आत्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. इकडे तिकडे पाहिलं. आणि माझ्या कानाशी एवढ्या जोरात ओरडल्या, की ट्रॉलीवर ह्यांचे डोळे उघडले.

"आवं!"

पुढच्या रांगेत मामा ताडकन उठून मागं वळले. "आलो, आलो! काय झालं?"

"बसा खाली," आत्या म्हणाल्या. "गाणं संपलं न्हाई अजून."