वृंदावनातलं बेसिल

"पोरीच्या कपड्याले सांबाराचा वास येऊन राहिला वो," आत्याची शेजारीण स्वयंपाकघरात म्हणाली. हळूच म्हणाली, पण जठारपेठेतल्या त्या दोन खोल्यांत काहीच लपत नसे. मी बाहेरच्या खोलीत मांडीवर दप्तर घेऊन बसले होते. अकरा वर्षांची होते. बाळापूरजवळच्या आमच्या मळ्यातून बाबांनी मला भाजीच्या गाडीत, कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये बसवून अकोल्याला आणलं होतं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आधी जुड्या बाजारात उतरल्या, मग मी आत्याकडे. इंग्रजी शाळा अकोल्यात होती आणि मी तिथेच शिकायचं हे बाबांनी ठरवलं होतं.

निघताना मी रडले नव्हते. गावातली शाळा मला चालेल, एवढंच म्हणाले होते. "भाजीच्या पाट्या उचलाले तुले शिकवून राहिलो का?" बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

त्या संध्याकाळी मी फ्रॉक दोनदा धुतला.

सुट्टीत घरी जायचे तेव्हा आई मला चुलीजवळ येऊ देत नसे. "तू अभ्यास कर. हे काय शिकाचं काम हाय?" भाकरी कशी थापतात हे मी दाराच्या चौकटीला टेकून पाहिलं आहे, पीठ हातात कधी घेतलं नाही. शाळेत माझ्या इंग्रजीला मुली हसायच्या, घरी माझ्या पुस्तकी मराठीला. काकू, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, मला 'मॅडम' म्हणायची. मग मी बोलणंच कमी केलं. कमी बोलणाऱ्या माणसाला खूप ऐकू येतं.

पुढे पुण्याला गेले आणि स्वयंपाक शिकले. ज्या कामापासून घरच्यांनी मला इतकं जपलं, तेच मी पगार घेऊन करते हे कळल्यावर बाबा कित्येक आठवडे माझा फोन आला की तो आईच्या हातात देत. मी एका कॅफेच्या किचनमध्ये आहे. आमचा मेनू भूमध्य समुद्राकाठचा, तो समुद्र मी पाहिलेला नाही. पण थाइम कांद्याबरोबर सुरुवातीलाच तेलात पडायला हवी, रोझमेरी जरा जास्त झाली की पदार्थ औषधासारखा लागतो, आणि बेसिल सुरीने न कापता हाताने तोडून, गॅस बंद केल्यावर घालायचं, हे मला झोपेतही सांगता येईल. तिथे वांगं भाजून लसूण, लिंबू आणि ऑलिव्ह ऑइल घालतात. ते भाजताना अगदी आमच्या भरताचा वास येतो. हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीला येताना बेसिलची कुंडी घेऊन आले होते. "ही इटलीची तुळस," असं मीच आईला सांगितलं आणि कुंडी अंगणात ठेवून परतले.

यंदा उन्हाळ्यात बाबांच्या छातीत दुखलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी मीठ, तिखट, तेल कमी करायला सांगितलं. आई फोनवर म्हणाली, "अळणी म्हणून ताट सरकवून देतात. वाळून गेले बाप्पा." मी दहा दिवसांची रजा टाकली. घरात कोणालाच येत नाही अशी एक गोष्ट मला येत होती: मीठ-तिखटाशिवाय जेवणाला चव आणणं. बॅगेत थाइम आणि ओरेगानोच्या बाटल्या भरताना मला आनंद झाला होता, हे कबूल करते.

पहिल्या दिवशी छोले केले, लिंबू-लसूण-ओरेगानो घालून. बाबा चार घास खाऊन "बरं हाय" म्हणाले आणि उठले. परक्याच्या घरी म्हणतात तसं. दुसऱ्या दिवशी तेही म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वांगी आणि टोमॅटो मंद आचेवर शिजवले आणि बेसिल आणायला अंगणात गेले. कुंडी रिकामी होती. वृंदावनातली जुनी तुळस उन्हाळ्यात जळाली होती, तिच्या जागी आईने बेसिल लावलं होतं. रोज पाणी मिळून ते चांगलं फोफावलं होतं. बुडाशी हळद-कुंकू होतं. बाबांना बरं वाटावं म्हणून आई रोज सकाळी त्याला अकरा प्रदक्षिणा घालत होती, हे मी आल्यापासून पाहत होते. कशाभोवती फिरते आहे ते मात्र पाहिलं नव्हतं.

आईला विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं. मी आठ पानं तोडली.

"अवं माय, देवाची पानं भाजीत टाकून राहिली हे!" काकूने ओट्यापाशी पाहिलं आणि तशीच बाहेर सांगत गेली. बाबा ताटावर बसले होते. मी वाढलेली भाजी आईने बाबांच्या ताटातून वाटीसकट उचलली आणि झाकून बाजूला ठेवली, कोणाच्या पायाखाली येऊ नये अशी. तिचा चेहरा पाहून मला त्या आठ पानांचं खरोखर वाईट वाटलं. माफी मागायला मी तोंड उघडणार, तोच बाबांनी ताट सरकवलं. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपराकडे घसरलं.

"जाऊ दे वो," ते काकूला म्हणाले. मी समोर कढई धरून उभी होते. "थे आपल्या मनानं गेली घर सोडून. तिले इथलं काय समजन?"

माझ्यासारख्या निघालेल्यांना आणि मागे राहिलेल्यांनाही हे लिहिते आहे. घर म्हणजे माती, अंगण, आईच्या हातची चव असं लोक लिहितात. मला तसं लिहिता येत नाही. माझ्या जाण्याची गोष्ट माझ्याच तोंडावर खोटी सांगितली जाते आणि मी मान खाली घालून ऐकते, ते माझं घर. पुण्यात असं मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

मी कढई खाली ठेवली. माझी पुस्तकी मराठी कुठे गेली, कोण जाणे.

"मी माह्या मनानं नाई गेली, बाबा. तुमी धाडलं मले."