धुळवडीची वर्दी

माझं अक्षर फार सुंदर होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं असं काही येणार नाही.

त्या अक्षरात मी कित्येक वर्षं वर्दीची वही लिहिली. आग लागल्याची खबर फोनवर आली की बंबवाले तिला वर्दी म्हणतात. लोणावळ्याजवळच्या एका कारखान्याचा स्वतःचा बंब होता, आणि आसपासच्या गावांत काही पेटलं तरी तोच धावायचा. बंबाच्या शेडला लागून काचेची खोली, खोलीत काळा फोन आणि फोनपाशी मी. वय चोवीस, कडक इस्त्रीची साडी, आणि ताठा असा की जणू बंब मीच चालवते. फोन आला की वेळ, ठिकाण, काय पेटलं ते लिहायचं आणि घंटा वाजवायची. बंब परत आला की परतीची वेळ टाकायची आणि शेवटच्या रकान्यात ‘खरी’ किंवा ‘खोटी’ लिहायचं. बंब परत आल्यावर. आधी नाही.

मी मूळची मावळातल्या खेड्यातली. आई ‘हितं बस, तितं नको’ म्हणायची, मीही घरात तसंच बोलायचे. पण फोन उचलला की मी थेट पुण्याच्या पेठेत जन्मलेली! ‘अग्निशमन केंद्र, बोला’ हे शब्द मी आरशासमोर घोटले होते. बंबाचे ड्रायव्हर, त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, ते म्हणायचे, “बाई, तुमच्या आवाजानं आग विझली असती तर डिझेल तरी वाचलं असतं.”

ते टोमणा मारतायत हे मला कळायचं नाही. मी लाजायचे.

धुळवडीला आमचा फोन दिवसभर खणखणायचा. शिमग्याला बोंब मारायची रीतच, आणि कुणीतरी शोध लावला होता की बंबाला फोन करून बोंब मारली तर जास्त मजा येते. तुंगार्लीच्या बंगल्यांवर मुंबईचे पाहुणे रंग खेळायला यायचे. तिथे फोन असायचे, आणि पाहुण्यांना काही काम नसायचं. सकाळपासून भाऊ दोनदा बंब घेऊन निघाले आणि दोनदा शिव्या देत परतले. त्यानंतर, साधारण अकराच्या सुमारास, पुन्हा फोन वाजला.

“बाई, आग लागलीया वो! आमच्या वाडीला! गोठा पेटलाय, बैलं आत हायती! लवकर गाडी धाडा!”

“कोण बोलतंय? कुठून?”

“तुंगार्लीच्या बंगल्यावनं. मी हितं झाडाय-पुसाय येती. हितनं वाडी दिसतीया, नुसता धूर! होळीची राख उडली जनू!”

तिच्या मागे हसण्याचा आवाज येत होता. कुणीतरी ‘रंग टाक, रंग टाक’ ओरडत होतं. मी मनात म्हटलं, अस्सं! मुंबईची कुणी नटवी खेडवळ बाईची नक्कल करतेय. खरी बाई असती तर इतकं खेडवळ बोलली असती का? जिच्या आईचं बोलणं असंच होतं ती मी, मला ती बोली फोनवर खोटी वाटली.

मी काय म्हणाले ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, “छान जमलंय हो. फक्त ते ‘धाडा’ जरा जास्त झालं.”

आणि फोन ठेवला. तो पुन्हा वाजला तेव्हा उचलून रिसीव्हर बाजूला ठेवून दिला. त्यातून बारीक आवाज येत होता. तो येत असतानाच मी वहीत लिहिलं, ‘खोटी. शिमगा.’ ‘शिमगा’च्या खाली एक झोकदार रेघही ओढली.

दुसऱ्या दिवशी भाऊ चहा घेऊन आले. “वरच्या वाडीत गोठा जळाला म्हनं काल. एक बैल गेला. दुसऱ्याचं दावं सोडाय घरची बाई बंगल्यावनं पळत येऊन आत घुसली, तिचं हात भाजलं. आपल्याला वर्दी न्हवती आली का?”

“नाही,” मी म्हणाले. वही उघडीच होती. मी कोपर तिच्यावर टेकवलं आणि भाऊंनी दिलेला चहा सावकाश प्यायले.

दोन महिन्यांनी वडगावच्या बाजारात करवंदं घ्यायला वाकले, तर पाटीवरचे हात गुलाबी, ताणलेल्या कातडीचे. तरी म्हटलं, असतील कुणाचे. मग ती बोलली. “किती दिवू, बाई?”

हा आवाज मी रिसीव्हरसकट बाजूला ठेवला होता. माझा आवाजही तिने ऐकला होता, आणि तो तिच्या ध्यानात राहण्याजोगा होता, त्यासाठी मी एवढी मेहनत घेतली होती ना! म्हणून मी बोललेच नाही. बोटानं खूण केली. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा बोट दाखवलं. ती शेजारणीला हळूच म्हणाली, “मुकी हाय गं बिचारी,” आणि त्याच हातांनी एक ओंजळ वर टाकली.

ती करवंदं मी खाल्ली. टाकून दिली असं लिहिणार होते, पण खाल्ली.

आता माझी नात काही कारखान्यांनी मिळून काढलेल्या अग्निशमन केंद्रात काम करते. ती फोनपाशी माणसाच्या जोडीला कृत्रिम बुद्धिमत्ता बसवतेय. मी तिला ‘नवी बाई’ म्हणते. एकाच वेळी दहा फोन आले तर नवी बाई दहाही ऐकते, बोलणं लिहून काढते, ठिकाण शोधते आणि कुठली वर्दी आधी घ्यायची त्याची यादी लावते. गाडी माणूसच सोडतो, पण यादीच्या वरून. खालच्याला थांबावं लागतं.

नव्या बाईला शिकवायला जुन्या वह्या लागतात, म्हणून नातीने माझ्या वह्या कुठून तरी मिळवल्या. मला शेजारी बसवून ती वाड्यांची जुनी नावं विचारायची. कौतुक तर इतकं की आपल्या साहेबांना सांगून आली, “माझी आजी या कामातली पहिली बाई!” मी आपली पदर सावरून बसायचे. ते पान जवळ येतंय हे मला ठाऊक होतं. ते आलं, तिने वाचलं, पुढे गेली. मी पुढच्या वाडीचं नाव सांगितलं.

आठवड्याने ती म्हणाली, “आजी, नवी बाई अगदी तुझ्या तालमीत तयार झालीय. धुळवडीला वाड्यांच्या नावानं आलेल्या वर्द्या बहुतेक खोट्या, हे तिनं तुझ्या वहीवरून अचूक उचललं.”

मी विचारलं, “एकदा मी फोन करून बघू?”

“कर की. तारीख धुळवडीची लावते.”

मी शेजारच्या खोलीत जाऊन मोबाईल कानाला लावला आणि बोलले. शब्द जुळवावे लागले नाहीत. आग लागलीया वो, बैलं आत हायती, गाडी धाडा. सगळं जसंच्या तसं निघालं, आणि आवाज माझ्या आईचा निघाला.

परत येऊन पाहते तर नव्या बाईने एकही शब्द चुकवला नव्हता. ‘हायती’सुद्धा नीट. आणि वर्दी यादीच्या तळाशी टाकली होती: खोटी असण्याची शक्यता जास्त.

नातीने टाळी वाजवली. “बघ! तुझं नाटक ओळखलं की नाही?”

“नाटक नव्हतं ते,” मी म्हणाले. आणि सांगितलं. कोपरासकट, करवंदांसकट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही उघडली. “बंब गेलाच नव्हता?”

“नाही.”

“मग खोटी हे कशावरून ठरवलंस?”

“आवाजावरून.”

“अशा आणखी किती आहेत, आजी?”

“बाजारात भेटली ती एक. बाकीच्या भेटल्या नाहीत.”

बाकीच्या शोधायला वेळ लागला नाही. जिथे बंब गेला नव्हता तिथे परतीच्या वेळेचा रकाना कोरा होता. सुंदर अक्षरात ‘खोटी’, आणि शेजारी कोरं. पानामागून पान. किती ते इथे लिहीत नाही, नातीला ठाऊक आहे तेवढं पुरे. तिने त्या सगळ्या नव्या बाईच्या शिकवणीतून काढून टाकल्या. कुणी जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कुठलीही वर्दी खोटी धरायची नाही, असं साहेबांकडून ठरवून घेतलं. त्यासाठी त्यांना कारण सांगावं लागलं. पहिल्या बाईचं कौतुक तिथे संपलं.

मग तिने माझ्यापुढे वही आणि पेन ठेवलं. त्या झोकदार रेघेखाली मी लिहिलं, ‘वर्दी खरी होती. बंब पाठवला नाही.’ खाली सही केली. अक्षर आता कोंबडीच्या पायासारखं येतं, ते एक बरं झालं.

तीच वर्दी पुन्हा लावून पाहिली, तर ती यादीत सगळ्यात वर आली. मला वाटलं, सुटले.

“ती बाई आहे का गं अजून?” नातीने विचारलं.

आहे. थकलीय, पण आहे; बाजारात विचारून ठेवलंय मी. वाडीवर आता रस्ता झालाय, रिक्षा जाते. गेल्या रविवारी निघायचं ठरलं होतं, तेव्हा माझा गुडघा दुखायला लागला. नात म्हणाली, “ही वर्दी मात्र खोटी,” आणि हसली नाही.

येत्या रविवारी जायचंय. ती मला मुकी समजते, त्यामुळे तोंड उघडलं की ओळखणार. काय बोलायचं त्याची मी दुपारभर आरशासमोर तालीम करते. ‘माझं चुकलं,’ एवढंच आहे. पण अजून तरी ते दर वेळी ‘अग्निशमन केंद्र, बोला’सारखंच निघतंय.