बाहुलीची पाठवणी

माझ्या धाकट्या जावेनं तिच्या मुलीसाठी एक बाहुली मागवली. किंमत मी इथं सांगत नाही, सांगितली तर पोटात पुन्हा दुखायला लागेल. विजापूर रोडवरच्या तिच्या फ्लॅटमध्ये मी चहा पीत होते आणि ती खोकं उघडत होती. आतून सुती कापडाची बाहुली निघाली. डोळे दोऱ्यानं भरलेले, केस लोकरीचे, ओठांच्या जागी नुसती एक बारीक रेघ. लिपस्टिक नाही, उंच टाचांचे बूट नाहीत, पोट दाबलं की इंग्रजी गाणं म्हणणं नाही.

"ताई, तोंड मुद्दाम साधं ठेवलंय," जाऊ म्हणाली. "ती हसतीय का रडतीय ते पोरीनं ठरवायचं. असल्या बाहुलीनं पोरी माया करायला शिकतात म्हणं."

"माझी पोर प्लॅस्टिकच्या बाहुलीवर बी करती की माया," मी म्हटलं आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

सासूबाई तेव्हा माढ्याहून आलेल्या होत्या. त्यांनी बाहुली उलटीसुलटी करून पाहिली. "आगं, ही तर चिंध्यांचीच हाय. आमी बी करत हुतो की असल्या." लग्नाला नऊ वर्षं झाली, पण सासूबाईंचा इतका पुळका मला त्याआधी कधी आला नव्हता.

खरं सांगायचं तर माझ्या मुलीनं हट्ट केला असता तर बरं झालं असतं. दोन धपाटे घालून विषय संपवता आला असता. पण तिनं हट्ट केलाच नाही. काकूकडे गेली की ती त्या बाहुलीला मांडीवर घ्यायची, आणि निघायची वेळ झाली की मुकाट्यानं चुलतबहिणीच्या हातात परत द्यायची. ते मुकाट्यानं देणं मला बघवायचं नाही. घरी तिच्याकडे गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली बाहुली होती. तिचा एक डोळा कायमचा मिटलेला, आणि केस पोरीनंच कात्रीनं साफ केलेले. जावेकडे फ्लॅट, जावेकडे गाडी, ते सगळं मी गिळलं होतं. ही बाहुली मात्र घशाखाली उतरेना. ती आपल्या घरात यायलाच पाहिजे, माझ्या मुलीसाठी, असं मी मनाशी पक्कं केलं.

तुळशीचं लग्न झालं आणि दोन्ही पोरींच्या डोक्यात बाहुला-बाहुलीचं लग्न शिरलं. जावेलाही हौस. मी लगेच म्हटलं, "आमी मुलाकडचे." नवरा मुलगा कोण, तर आमची गड्ड्यावरची बाहुली. केस नव्हतेच, नॅपकिनचा फेटा बांधला, कपाळाला गंध लावलं, झाला नवरदेव. मिटलेला डोळा फेट्याखाली झाकला. स्थळात खोट दिसू नये एवढी काळजी वरमायेनं घ्यायचीच असते.

जावेनं हौसेनं सगळं केलं. आंतरपाट धरला, अक्षता झाल्या, शिरा-पुरीचं जेवण झालं. जेवण उरकल्यावर मी पदर खोचून म्हटलं, "चला, आता नवरीला निरोप द्या."

जाऊ माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या हे लक्षातच आलं नव्हतं. पण लग्न झालं की मुलगी सासरी जाते, हे काही मी ठरवलेलं नाही. तिची मुलगी भोकाड पसरून रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "रडू दे. पाठवणीला रडत्यातच." जावेनं बाहुलीची ओटी भरली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घिऊन जावा ताई. रीत हाय." रिक्षा नवी पेठेच्या गर्दीत अडकली तरी मला राग आला नाही. असं सुख मला बऱ्याच दिवसांत लाभलं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र वेगळंच सुरू झालं. मुलीनं बाहुली घेतली की माझं तोंड चालू. हात धुऊन घे. जमिनीवर ठेवू नको. तेलकट बोटं लावू नको, मळेल. दोन दिवस तिनं ऐकलं. तिसऱ्या दिवशी बाहुली फळीवर बसवली आणि ती पुन्हा आपल्या एकडोळ्या नवरदेवाला काखोटीला मारून गल्लीत खेळायला गेली. इतकी महागाची वस्तू मुलीसाठी घरात आणावी की न आणावी, याचं उत्तर तिनं मला तिथंच दिलं होतं. मी ऐकलं नाही.

दुपारी घरात मी एकटीच. फळी पुसताना बाहुली खाली काढली. तिला वजन होतं, नुकतंच पोटभर दूध प्यालेल्या बाळाला असतं तसं. छातीशी धरली की तिची मान आपोआप खांद्यावर पडायची. लहानपणी माझी बाहुली म्हणजे मक्याचं कणीस. त्याच्या केसांची वेणी घालत बसायचे, आणि एक दिवस शेळीनं ते खाऊन टाकलं. आईनं दुसरं कणीस दिलं, झालं. त्या दुपारी मी बाहुलीला कुशीत घेऊन जरा आडवी झाले. दुसऱ्या दिवशीही झाले. पुढं पुढं जेवणं उरकायची घाई व्हायला लागली.

पंधरवड्यानं नवरीला माहेराहून मूळ आलं. न्यायला जाऊ आणि तिची मुलगी दोघी दारात उभ्या. रीत मीच दाखवली होती, आता नाही कसं म्हणणार? तरी मी म्हटलं, "आमच्या पोरीला लई लळा लागलाय गं तिचा. बघ बाई, रडंल ती."

मुलीनं फळीवरून बाहुली काढली आणि बहिणीच्या हातात दिली. "ने की," ती म्हणाली. "मी कुटं खेळती तिच्याशी? आईच तिला घिऊन झोपती."

जाऊ हसली असती तर मी भांडले असते. मला तेवढंच पाहिजे होतं. ती हसली नाही. माझ्याकडे बघून तिनं मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं, बाहुली हातात घेतली, तिचे केस नीट केले आणि माझ्या पुढ्यात धरली.

"राहू द्या की ताई हितंच."

'नको' म्हणायचं होतं. हात आधीच पुढे गेले होते. त्या दोघी जिना उतरून गेल्या, आणि बाहुली छातीशी धरून मी दारातच उभी राहिले. जावेला असं सहज देऊन टाकता येतं, याचाही मला हेवा वाटला.