कारखान्यांच्या गल्लीतलं चेंबर

गावाचं सांडपाणी स्वच्छ होऊन जिथून नदीत जातं, त्या केंद्रावर ती एकोणीस वर्षं ऑपरेटर होती. वहिनी तिला ‘गटारबाई’ म्हणायची, तीही हसून घ्यायची. लोकांनी मोरीत पाणी ओतलं की त्यांच्या लेखी विषय संपला. हिचा तिथून सुरू व्हायचा. मोठ्या टाकीत हवा सोडून जिवाणू जगवायचे, कारण घाण तेच खातात. ती त्यांना ‘माझी पोरं’ म्हणायची.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जाळीपाशी येणाऱ्या पाण्याला वेगळाच, नाकाला झोंबणारा वास आला. तिने तपासणीची पट्टी बुडवली. लालभडक! कुणीतरी ॲसिड सोडलं होतं.

“पोरं मेली तर?” केंद्रावरच्या फिटरने विचारलं.

“नवी वाढवायला महिना. तोवर गावाची घाण जशीच्या तशी नदीत. आणि खालचं गाव तेच पाणी पितं.”

तिने झडप फिरवून पाणी रिकाम्या राखीव टाकीत वळवलं. ती पाऊण तासात भरणार होती. मग एक तर ॲसिड पोरांच्या अंगावर घ्यायचं, नाहीतर पाणी आत येण्याचं दार बंद करून सखल भागातल्या मोऱ्यांतून घाण उलटी वर येऊ द्यायची.

साहेबांना फोन लावला. “मी येईपर्यंत काही करू नका,” ते म्हणाले.

“किती वेळात येता?”

“दोन तास.”

तिने फोन खिशात टाकला आणि स्कूटर काढली. मागे फिटर, त्याच्या मांडीवर रबरी फुगा. पाइपात घालून हवा भरली की लाइन बंद.

बाजारातलं चेंबर उघडलं. पट्टी हिरवी. दवाखान्यापाशी, हिरवी. कारखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी झाकण उचललं तसा फिटर खोकत मागे सरला. पट्टी लाल. गल्लीत तीनच कारखाने. पहिल्या दोन्हींचं पाणी ठीक निघालं. तिसरा, लोखंडी भागांना मुलामा देणारा, तिच्या दादाचा होता. वडील गेले तेव्हा हिने शिकावं म्हणून त्यानेच दहावीत शाळा सोडली होती.

दादा दारातच उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत ओली.

“पिंप फुटलं गं. माणसांच्या पायांवर येत होतं, म्हणून धुऊन टाकलं.”

“अजून किती आहे आत?”

“निम्मं.” त्याने आवाज खाली आणला. “तू काही पाहिलं नाहीस, एवढंच कर.”

तिने घड्याळ पाहिलं. राखीव टाकी भरायला चौदा मिनिटं.

“मोरीच्या तोंडावर वाळू टाक. आत्ताच्या आत्ता.”

“आणि नाव?”

“अहवालात लिहावं लागेल, दादा.”

“मी तुझ्यासाठी...”

“ठाऊक आहे मला.” तिला त्याच्याकडे बघवेना. “फिटर, फुगा!”

कारखान्यासमोरच्या चेंबरमध्ये फुगा पाइपात जाईना. ती रस्त्यावरच पालथी पडली, खांद्यापर्यंत हात आत घालून त्याला रेटत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं; ॲसिडचं की कशाचं, ते तिलाही सांगता आलं नसतं. एकदाचा फुगा बसला. फिटरने पंप मारला.

तिने केंद्रावर वॉचमनला फोन लावला. “टाकी?”

“वीतभर उरलीय!”

“पट्टी बुडवत राहा.”

तिने फोन स्पीकरवर टाकला. दादासुद्धा फोनकडे बघत होता.

“लालच आहे, ताई... लालच... थांबा. पिवळी. हिरवी झाली!”

“झडप परत फिरवा!”

पोरं वाचली. राखीव टाकीत चुना कालवून ते पाणी तिने तीन दिवस थोडं थोडं सोडलं. साहेब आधी ओरडले, मग अहवालावर मुकाट सही केली. दादाचा कारखाना महिनाभर बंद राहिला. वहिनीने तिचा फोन उचलणं सोडलं.

दोन महिन्यांनी दादा केंद्रावर आला. हातात कारखान्यात ॲसिड अडवायला बांधायच्या नव्या टाकीचा नकाशा होता.

“राग गेला?” तिने विचारलं.

“नाही,” टेबलावर नकाशा पसरत तो म्हणाला. “आधी हे बरोबर आहे का बघ.”

तिने चष्मा लावला आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.